किल्ली आणणाऱ्या मुलाची चौकशी

ही गोष्ट मी लहान असतानाची आहे. एकाहत्तर वर्षांची होते तेव्हाची.

त्या वयात माणसाला अक्कल कमी आणि आत्मविश्वास फार, हे आता पंच्याहत्तरीला टेकल्यावर कळतं. तेव्हाची मी म्हणजे समोरच्या माणसाचं कूळ, चालचलन आणि उत्पन्न चहा गार व्हायच्या आत काढून घेणारी बाई! नात्यागोत्यातली अकरा लग्नं मी जमवली होती. (नऊ टिकली. उरलेल्या दोन्हींत मला पत्रिका पाहू दिली नव्हती, घाई त्यांची होती.)

तर त्या वर्षी माझी नात गार्गी सहा महिने जर्मनीला शिकायला निघाली. तिच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा तिकडच्या एका विद्यापीठाशी करार होता. तिकडची मुलं इकडे, इकडची तिकडे. ज्या गावी ती जाणार होती त्याचं नाव मी घेत नाही. घ्यायला गेलं की कवळी हलते.

विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी भलंमोठं माहितीपत्रक पाठवलं. माझा मुलगा विलास खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनीअर. सूचना दिसली की ती मोठ्याने वाचल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. तो रोज जेवताना एकेक पान वाचायचा आणि आम्ही वरणभातासोबत जर्मनी गिळायचो.

"पोचल्यावर लगेच नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. आरोग्य विम्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, तशी पद्धतच आहे."

"हे तर आपल्यासारखंच झालं," मी म्हटलं.

"आई, तिथे सव्वादहा म्हणजे सव्वादहा."

"मग दहा काहून म्हणतात?"

विलासने पान उलटलं. "परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, नुसतं शिकून भागत नाही. रविवारी दुकानं बंद. खोलीची किल्ली वसतिगृहाच्या कार्यालयात मिळेल. कार्यालय शुक्रवारी दुपारी बाराला बंद होतं, ते थेट सोमवारी उघडतं."

इथे माझ्या सुनेचा, ज्योतीचा, घास हातातच राहिला. गार्गीचं विमान शुक्रवारी संध्याकाळी उतरणार होतं!

"मग सोमवारपर्यंत पोरगी झोपणार कुठे? स्टेशनवर? त्या थंडीत?"

"मम्मी, शांत हो ना," गार्गी म्हणाली. "बडी आहे."

तिने समजावून सांगितलं. विद्यापीठ प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला तिथलाच एक विद्यार्थी मदतीला देतं. त्याला बडी म्हणायचं. गार्गीच्या वतीने किल्ली घ्यायची परवानगी तिने त्याला दिली होती. तो शुक्रवारी सकाळी किल्ली घेणार आणि संध्याकाळी ती घेऊन स्टेशनवर उभा राहणार.

"नाव काय वं तिचं?" मी विचारलं.

"त्याचं. योनास."

मुलगा! माझ्या अंगात बाराव्या लग्नाचं वारं शिरलं.

"कोणाचा आहे?"

"कोणाचा म्हणजे?"

"आईबाप कोण? करतात काय? घरचं कसं आहे?"

"आजी, तो किल्ली आणून देणार आहे वं! मले त्याच्याशी संसार थोडी करायचा आहे!"

"घराची किल्लीच देऊन राहिलो ना त्याच्या हातात? संसारात आणखी काय असतं?"

गार्गी ताट उचलून उठली.

दुसऱ्या दिवशी विलासने 'गार्गी जर्मनी' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. (वीज केंद्रात पंखा दुरुस्त करायचा असला तरी ग्रुप निघतो.) त्यात लकडगंजचे माझे दीर, इतवारीतली माझी धाकटी बहीण सुमन, तिच्या सुना, ज्योतीचं माहेर, असे सगळे घातले आणि 'संबंधित व्यक्ती' म्हणून योनासलाही घातलं. झालं! सकाळी सहापासून त्या बिचाऱ्यावर गुलाब, सूर्योदय आणि सुविचार कोसळायला लागले. तो प्रत्येकाला नावानिशी उत्तर देई, "धन्यवाद, आपलीही सकाळ चांगली जावो."

सुमनचा फोन आला. "ताई, पोरगा संस्कारी दिसून राहिला वं."

"चौकशी केल्याशिवाय बोलू नको," मी म्हटलं.

आणि चौकशी मी केलीच. मायलेकी खरेदीला बाहेर पडल्याबरोबर चांगली साडी नेसले, खुर्ची देव्हाऱ्याला पाठ लागणार नाही अशी बेताने ठेवली आणि योनासला व्हिडिओ कॉल लावला. मी हयातभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेला. माझं इंग्रजी बेताचं आहे, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

पडद्यावर एक पिवळ्या केसांचा, घाबरलेला मुलगा दिसला.

"वडील काय करतात?"

"आमची बेकरी आहे."

"स्वतःची?"

"हो. आजोबांपासूनची."

(मनात एक बरोबरची खूण.)

"भावंडं?"

"एक मोठी बहीण."

"लग्न झालं?"

"नाही."

"काहून... म्हणजे का नाही?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "माहीत नाही. तिला विचारून सांगू का?"

"स्वयंपाक येतो?"

"नूडल्स."

"दारू?"

"बिअर. फक्त शनिवारी."

नेमका शनिवार! मी मनातल्या मनात मारुतीची क्षमा मागितली.

"पुढे काय करायचा विचार आहे?"

"आधी गार्गीची किल्ली आणायचा," तो म्हणाला.

मुलगा सरळ होता. मला तो आवडलाच होता. पण जीभ एकदा त्या रुळावर चढली की थांबते थोडीच? "जन्मवेळ?" मी विचारून बसले.

"ती आईला विचारावी लागेल."

"विचार. बरं, आम्ही घरी बोलून कळवतो."

आता हे शेवटचं वाक्य. मुलगा बघून उठताना ते म्हणायचंच असतं. होकार असला तरी तोंडावर द्यायचा नाही, समोरचे चढून बसतात. आमच्याकडे त्या वाक्याकडे कोणी लक्षही देत नाही, निघताना चप्पल शोधण्यासारखं ते वाक्य आहे. माझ्या हिशेबाने योनास पहिल्या वर्गात पास झाला होता. मी फोन ठेवला, सुमनला बेकरीचं सांगितलं, चहा केला आणि विषय विसरून गेले.

योनास विसरला नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही गार्गीला विमानतळावर सोडलं. विलास तिथूनच ड्युटीवर गेला. कामावर त्याचा फोन कपाटात असतो. दुपारी ज्योती डोळे पुसत भांडी आवरत होती, गार्गी दिल्लीहून उडून कुठेतरी ढगांत होती आणि मी ग्रुप उघडून बसले होते, गार्गीला कोणी कोणी आशीर्वाद दिले नाहीत ते तपासायला. (माझी चुलत जाऊ. आजतागायत नाही.)

सुविचारांच्या ढिगात मला योनासचं नाव दिसलं.

"प्रिय कुटुंब, आपलं उत्तर आलं नाही, म्हणजे दुसऱ्या कोणाची निवड झाली असं समजतो. गार्गीला शुभेच्छा. मी आता गाडीने आईवडिलांकडे जातो आहे. किल्लीचं कार्यालय बाराला बंद होतं, हे कृपया नव्या बडीला सांगावं."

मी घाईने ग्रुप वर सरकवत गेले. सोमवारचा एक निरोप होता, "माझ्याबद्दल काही ठरलं का? मला घाई नाही." त्याच्या डोक्यावर कमळ आणि पायाशी गणपती. बुधवारचा दुसरा, "आईकडून जन्मवेळ मिळाली. सकाळी सहा चाळीस." त्याच्याखाली माझ्या दिरांनी हात जोडलेले!

"ज्योतीsss!"

ती ओल्या हाताने धावत आली. तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. सुनेने सासूकडे असं बघू नये, पण त्या दिवशी तिला माफ होतं.

"आई, तुम्ही त्याले काय म्हणाल्या होत्या?"

"काही नाही गं... कळवतो म्हटलं."

"मग कळवलं काहून नाही?"

"असं कोणी कळवतं का!"

घड्याळात अडीच वाजले होते. रेखावृत्तं शिकवण्यात माझी हयात गेली, पण फरक बोटांवर मोजावा लागला. तिकडे अकरा! म्हणजे तासाभरात कार्यालयाला कुलूप आणि गार्गीला स्टेशनचा बाक.

मी फोन लावला. पलीकडे भोंगे, गलका, शिट्ट्या.

"योनास! कुठे आहेस?"

"फलाटावर. गाडी येते आहे."

"चढू नको! निर्णय झाला!"

"काय झाला?"

आता बघा, पंचवीस माणसांच्या घरात वाढलेली मी, आयुष्यात कोणाला सरळ 'हो' म्हटलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, माझा होकार वडिलांनी कळवला होता, तोही पंधरा दिवसांनी. तोंडातून निघालं, "बघू... म्हणजे तशी काही हरकत नाही... म्हणजे आमच्याकडून..."

"म्हणजे नाही?"

"आई, हो म्हणा!" ज्योतीने माझा खांदा गदागदा हलवला. "सरळ हो म्हणा!"

"हो! हो! हो!" मी ओरडले. समोरच्या बिऱ्हाडाची खिडकी उघडली.

"गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही," योनास म्हणाला. "कृपया लिहून पाठवा." आणि फोन बंद.

लिहून! मी तिथल्या तिथे इंग्रजीत लिहिलं, "योनास पसंत आहे. घरच्या सगळ्यांचा होकार आहे. लवकर पळ." आणि पाठवलं.

लगेच उत्तर आलं, "धन्यवाद! धावतो आहे!"

मी देवाला हात जोडले. ज्योतीने देवापुढे साखर ठेवली. आणि मग फोन वाजायला लागला. थांबेचना!

मी लिहिलं होतं ते ग्रुपवर.

"अभिनंदन!" "छुपी रुस्तम निघाली गार्गी!" "लवकर पळ म्हणजे काय, पळून जाऊन करून राहिले का?" लकडगंजच्या दिरांनी विचारलं, "मुलाकडचे काय करतात?" त्यांना परस्पर कोणीतरी उत्तर दिलं, "बेकरी. घरची." त्यावर अकरा जणांनी अंगठे दाखवले.

मी खुलासा लिहायला घेतला तोच सुमनचा फोन.

"ताई वं, सख्ख्या बहिणीले ग्रुपवर सांगतात का?"

"सुमे, तसं काही नाही! तो नुसता किल्ली..."

"लाजू नको वं. मी मघाच म्हटलं ह्यांना, पहिला आहेर आपला." सुमनच्या नवऱ्याचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानात भांडं घेतलं की मशीनने त्यावर नाव टाकून देतात. "दूध तापवायचा मोठा गंज काढला. नाव टाकून झालंबी. 'चि. गार्गी व चि. योनास.' मस्त दिसून राहिलं!"

"पुसून टाक!"

"स्टीलवरचं नाव पुसतात का ताई?"

तासाभराने योनासचा फोटो आला. दमून लाल झालेला, कपाळावर केस चिकटलेले आणि हातात किल्ली! कार्यालयातल्या बाई कुलूप लावायला उठल्या होत्या म्हणे. ज्योतीने तो फोटो कपाळाला लावला. ग्रुपवर सुमनच्या सुनेने लिहिलं, "नवरदेव छान आहेत. घरसुद्धा घेतलं वाटतं."

मी पुढचे काही तास प्रत्येकाला एकेक करून फोनवर समजावत बसले. निम्म्यांनी विश्वास ठेवला. उरलेले म्हणाले, "असू दे, आम्ही कोणाले नाही सांगत."

मध्यरात्रीच्या सुमारास, आम्ही जागेच होतो, तेव्हा गार्गीचा व्हिडिओ कॉल आला. मागे खोली दिसत होती. पलंग, टेबल, खिडकी.

"किल्ली मिळाली?" ज्योती आणि मी एकदमच ओरडलो.

"मिळाली. खोलीतच आहे." एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. विमानातून उतरून तिने फोन सुरू केला होता आणि तो बराच वेळ थरथरतच होता. "आजी, काय करून ठेवलं वं तू! लकडगंजचे आजोबा योनासले विचारून राहिले, वरात विमानाने आणणार का! तो मले विचारतो, वरात म्हणजे काय?"

"मग तू काय सांगितलं?"

"सांगितलं, माझ्या आजीची तब्येत बरी नसते."

विलास ड्युटीवरून परतला होता. त्याने शांतपणे माझा फोन घेतला, मला ग्रुपमधून काढलं आणि फोन परत दिला. वीज केंद्रात बिघडलेली लाइन तोडायला फीडर बंद करणे म्हणतात.

गार्गी सहा महिने राहिली. पत्ता नोंदवला, परीक्षेची नोंदणी केली, सव्वादहाला सव्वादहाच वाजता पोचली आणि चांगली पास होऊन परत आली. योनासशी तिचं लग्न वगैरे काही झालं नाही. तो मात्र दिवाळीला अजून आठवणीने मेसेज करतो. गंज माझ्या ओट्यावर आहे. पाहुणे नाव वाचून विचारतात, "योनास कोण हो?" मी म्हणते, "घरातलाच आहे, बाहेरगावी असतो."

पुढच्या वर्षी गार्गीच्या कॉलेजातली दुसरी एक मुलगी त्याच विद्यापीठात निघाली. माहिती विचारायला घरी आली, हातात नवं माहितीपत्रक. मी सहज चाळलं. विमा तोच, नोंदणी तीच, कार्यालयाच्या वेळाही त्याच. बडीच्या पानावर मात्र एक नवी ओळ होती, जाड अक्षरात.

"बडीच्या नेमणुकीसाठी विद्यार्थ्याच्या कुटुंबाची मंजुरी आवश्यक नाही."

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातली एक चूक दुरुस्त व्हावी म्हणून मी नोकरीभर अर्ज केले, मंडळाने कधी पोच दिली नाही. युरोपातल्या विद्यापीठाने मात्र माझ्या एका फोनवर पुस्तक बदललं! खाली माझं नाव तेवढं छापायचं राहिलं.