सतराव्या प्रकरणापासून पुढे

"सोळा प्रकरणं मधमाशा पाळल्या मी," फोनवरचे काका म्हणाले, "आणि सतराव्यात एक बाई नवरा सोडून निघाली. ही मधमाशांच्या घरातली की शेजारची?"

कारकुनाने हसतच फोन स्पीकरवर टाकला. हे काका टेलिफोन एक्स्चेंजमधले निवृत्त ऑपरेटर. दृष्टी गेल्यापासून अंधांसाठीच्या या ग्रंथालयाचे सर्वांत चिवट श्रोते. पलीकडच्या टेबलावर श्रोत्यांना पाठवायची मेमरी कार्डं पाकिटात भरणारी वाचनताई मात्र हसली नाही. मधमाशांचं पुस्तक आणि ती कादंबरी, दोन्ही तिनेच वाचलेली. मधमाशांची प्रकरणं सोळा, कादंबरीची बावीस.

एकोणीस वर्षं ती भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या खोलीत, पंखा बंद ठेवून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत आली होती. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो पत्रा फरशीवरून ओढल्यासारखा. दुकानदारसुद्धा दोनदा विचारायचा. दोनशे बारा पुस्तकं तेवढी संगणकात शाबूत होती.

महिन्यापूर्वी संगणक बदलला होता. तो बसवणारा टेक्निशियन काकांच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी आला आणि पडद्याकडे बराच वेळ बघत बसला.

"ताई, फोल्डरांना इंग्रजीत नावं का नाही दिली?"

"पुस्तकं आपली, ऐकणारे आपले. इंग्रजी कोणासाठी?"

"या प्रोग्रामसाठी."

मग त्याने सांगितलं. ज्या प्रोग्रामने सगळं इकडून तिकडे नेलं, त्याला आपली अक्षरं कळत नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याने एक रेघ मारली. दोन नावं सारख्या लांबीची निघाली की त्याच्या लेखी फोल्डर एकच. मग या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणावर त्या पुस्तकाचं पहिलं, दुसऱ्यावर दुसरं. शेवटी आलेलं टिकलं; आधीचं लांब असलं तर त्याचं शेपूट तेवढं मागे राहिलं.

"आणि आधीचं? खाली असेल ना?"

"खाली काही नसतं, ताई."

दोनशे बारा पुस्तकांचे एकोणीस फोल्डर उरले होते. जुनी डिस्क टेक्निशियननेच पुसून भंगारात दिली होती; काम बिनचूक झालं असं पडद्यावर आलं होतं, त्याने विश्वास ठेवला. पूर्वी फोल्डरांना नुसते नंबर असत. नंबर कैद्यांना देतात, म्हणून भांडून तिनेच पूर्ण नावं टाकायला सुरुवात केली होती. हे टेक्निशियनला ठाऊक नव्हतं. तिनेही सांगितलं नाही.

कारकुनाने आठ दिवस श्रोत्यांना फोन केले. पण कार्ड परत आलं की ते पुसून त्यावर नवं पुस्तक चढवायचं, हाच रिवाज. लोकांच्या घरून चार पुस्तकं निघाली, त्यातली दोन व्याकरणाची.

"वाचायला ठेवलेल्या नव्या मुलीला सगळं परत वाचायला लावायचं?" व्यवस्थापक म्हणाले. "वर्षाला अकरा होतात. मागणी येईल तसं बघू. आणि ज्या पुस्तकांना डोकं नाही, नुसतं शेपूट आहे, ती काढून टाका. उगाच तक्रारी येतात."

कारकून फोनवर काकांकडे कार्ड परत मागत होता, तेव्हा तिने फोन हातात घेतला.

"काका, कादंबरीची आधीची सोळा प्रकरणं नाहीत आता."

"कोण बोलतंय?"

"मी. वाचनताई."

काका समजूत घातल्यासारखे म्हणाले, "बरं बरं. आता ताईंना फोन द्या बघू."

"त्या नाहीत," ती म्हणाली.

"मग त्यांना सांगा, कार्ड मी देणार नाही. सहा प्रकरणं तर सहा."

तिने नोंदवहीत त्या कार्डापुढे 'हरवले' असं लिहिलं. कारकुनाने वाचलं आणि पान उलटलं.

कोणतं शेपूट कोणत्या पुस्तकाचं, हे तिच्याशिवाय कुणाला ओळखता येणार नव्हतं, त्यामुळे ते काम तिच्याकडेच आलं. हेडफोन लावून मिनिटभर ऐकायचं, यादीत नाव लिहायचं, पुसायचं. दर वेळी संगणक नक्की का म्हणून विचारायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा झाली. बाराव्यात ती मधेच खोकली होती आणि "माफ करा, पुन्हा घेते," म्हणाली होती. तेवढं कापायचं राहून गेलं होतं. पुन्हा घेतलेलं वाक्य तिने शेवटपर्यंत ऐकलं, यादीत नाव लिहिलं आणि कळ दाबली.