कोकम सरबताची चढलेली

गुडगावच्या आमच्या नव्या सोसायटीत पार्टी म्हटली की दारू आलीच. मला ल्यूपस हा सांध्या-त्वचेचा आजार, त्याच्या गोळ्यांमुळे डॉक्टरांनी थेंबही बंद केलेला. म्हणून मी घरून कोकम सरबत न्यायचे. पण दिल्लीकडे कोकम कुणाला ठाऊक? लाल ग्लास बघून सगळ्यांना ती वाइनच वाटायची. त्यात ल्यूपसने गाल लालभडक, गुडघे दुखून चाल वाकडी. झालं, भाभीजींना चढली! सांगून सांगून माझं तोंड दुखलं, मेले ऐकतील तर शपथ.

एकदा पार्टी संपल्यावर मी पिऊन टाइट झालेल्या नवऱ्याला धरून लिफ्टकडे नेत होते. शेजारीण कळवळून त्यालाच म्हणाली, "भाईसाहब, भाभीजी को संभालिए."

माझ्या खांद्यावर रेलून, उचक्या देत नवरा म्हणाला, "क्या करें जी, रोज का है."