खाकी दिसली की कडी

आग विझवणाऱ्या खात्यात मी टेलिफोनवर होतो. फोन घ्यायचा, पत्ता पुन्हा म्हणून पक्का करायचा, आत माणूस आहे का ते विचारायचं आणि घंटा दाबायची. शहरात स्वतःचं घर असलेल्या आम्हा टेलिफोनवाल्यांना त्या काळी घरटॅक्समध्ये सवलत होती. अट एकच, घरात भाडेकरू नको.

माझ्याकडे भाडेकरू होती. मागच्या खोलीत उमरेडकडची एक विधवा बाई राहायची, हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सवलतीचं काय, गेली तर गेली. पण खोटं लिहून दिलं म्हणून नोकरी जाईल, ही भीती होती. म्हणून तिला बजावलं होतं, अंगणात तपासणीवाल्यांचे खाकी कपडे दिसले की आतून कडी लावायची, हूं की चूं करायचं नाही. ती हसायची. "चोर तुमी भाऊ, अन् लपाचं म्या?"

उन्हाळ्यातल्या एका दुपारी गल्लीतल्या किराणावाल्याचा फोन आला. "तुमच्याच घरामागं धूर निघून राहिला गा. लाकडाच्या टालाले आग लागली." गाडी रवाना केली. मला खुर्ची सोडता येत नव्हती. साहेब शेजारी येऊन उभे राहिले. सवलतीच्या अर्जावर शिफारस त्यांचीच होती.

थोड्या वेळाने त्याच दुकानातून गाडीवरच्या आमच्या जमादाराचा फोन. मागच्या खोलीचं दार उघडत नाही, हाका मारल्या तर कोणी ओ देत नाही. कोणी राहतं का तिथे? नसेल तर आधी टाल विझवतो.

आमच्या माणसांच्या अंगावर खाकीच होती. ती का ओ देत नाही, ते मला त्या क्षणी कळलं. साहेब ऐकत होते.

"अडगळ आहे," मी म्हणालो.

रिसीव्हर ठेवला तोच गांधीबागेतून फोन आला, कापडाच्या दुकानात वायर जळत होती. मी तो घेतला. पत्ता पक्का केला, आत माणूस आहे का विचारलं. आवाज जराही कापला नाही. खरं सांगतो, तो फोन आला म्हणून मला हायसं वाटलं. तेवढा वेळ दुसरं काही बोलावं लागणार नव्हतं.

घंटा दाबली. मग साहेबांच्या देखतच किराणा दुकानाचा फोन लावला. "आत बाई आहे. दार तोडा. मीच तिला लपायला शिकवलंय."

ती जगली. धुराने आवाज कायमचा घोगरा झाला. दवाखान्यात म्हणाली, "हाका आयकू येत होत्या मले, भाऊ. म्हटलं, तुमची नौकरी जाईन."

नोकरी गेली नाही. सवलत गेली, साहेबांनी झापलं, आणि 'शेवटी बोललास तरी' म्हणून मिटवलं. जमादाराने 'अडगळ' हा शब्द कुठेच काढला नाही. फक्त माझ्याकडे बघणं सोडलं.

ती लेकीकडे उमरेडला निघाली तेव्हा बसवर पोचवायला मीच गेलो. शेजारच्या सीटवरच्या बाईला ती त्या फुटक्या आवाजात सांगत होती, "या भाऊनं फोन केला म्हून वाचली म्या." मी तिची पिशवी वर ठेवत होतो. नीट ठेवली आणि खाली उतरलो.