अर्ध्या मिनिटाचा फोटो

मागच्या वेळी तुम्ही दोघं नातवंडं इथे ठेवून गेलात त्या कॅमेऱ्याच्या पिशवीत एक काळी काच होती, इन्फ्रारेड फिल्टर. डोळ्यांना न दिसणारा उजेड तेवढा ती आत सोडते. पण साध्या कॅमेऱ्यात तोच उजेड अडवणारी दुसरी काच आधीपासून बसवलेली असते. त्यातून जे काही झिरपेल त्याची वाट बघत बसावं लागतं. भर उन्हातही अर्धं मिनिट.

कॅमेरा स्टँडवर लावून आधी फोकस करायचा, तो तसाच कायम करायचा आणि मग काच चढवायची. काच चढली की पडद्यावर नुसता काळोख. सगळं सकाळी उरकायचं, कारण नंतर खाडीकडून वारा सुटतो आणि पानं पुसट येतात. रंग नीट साधले की चिकूची झाडं पांढरीशुभ्र दिसतात, आकाश शाईसारखं. पहिला फोटो बघून तुम्ही विचारलंत, "वाणगावला बर्फ पडलं का?"

पुढे तुमच्यातल्या नातीचा निरोप आला, "सगळे छान आहेत, पण एकातही माणूस नाही. आजी, तू कुठे आहेस? तुझा एक पाठव, मला खोलीत लावायचाय."

वाडीत माणसं येतात तशी. पण चिकू काढणारे गडी समोरून चालत गेले तरी या फोटोत उमटत नाहीत. अर्धं मिनिट जागेवर थांबेल तोच दिसतो.

मी आंब्याखाली खुर्ची मांडली. माझ्या जागी बसवायला कोणी नव्हतं, म्हणून आजोबांची छत्री खुर्चीवर उभी केली आणि तिच्या मुठीवर फोकस केला. काच चढवली, टायमर लावला आणि छत्री मांडीवर घेऊन बसले. निऱ्या स्पष्ट आल्या, छत्रीवरची बोटंसुद्धा. चेहरा मात्र ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. पुन्हा काढला, तेच. मी वाऱ्याला दोष दिला, स्टँडचे स्क्रू आवळले. तरी तेच.

तेवढ्यात सुकी मासळी विकणारी कोळीण आली.

"आजी, कोनाचा फोटू? झाडाचा?"

"माझा." मी तिला दाखवला.

"अगो बाय! तोंड कुठं गेला?"

"हलले असेन."

"हलले काय, तुमची मान हालतेच ना."

"कधीपासून?"

"झाले दोन पावसाळे. तुमाला ठावं नाय? पैल्यांदा मना वाटलं, मी भाव सांगते नि तुमी नाय नाय करता. म्हनून मी मूठभर बोंबील जास्त टाकायची!"

"मग आता टाकत नाहीस ती?"

"आता कळला ना मना," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

ती गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. हलत होती, अगदी बारीक. रोज याच आरशात वेणी घालते. घरात दुसरं माणूस असतं तर एवढे दिवस लागले नसते. आजोबांनी पहिल्याच सकाळी चहा पिता पिता सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची मागे सरकवली, डोकं आंब्याच्या खोडाला टेकवलं आणि बसले. फोटो आला. तोच तुमच्याकडे आहे. तुम्ही लिहिलंत, "आजी, किती निवांत बसलीयेस!" मी तेव्हा काही कळवलं नाही. पालघरच्या डॉक्टरांना दाखवून आले आहे. काळजीचं नाही, पण थांबणारही नाही, असं ते म्हणाले. तुम्ही याल तेव्हा दिसेलच, म्हणून आधी लिहून ठेवते आहे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना तुम्ही नेहमी म्हणता, "आजी, फोन नीट धर ना, हलतोय." मला नवल वाटायचं. फोन तर साखरेच्या डब्याला टेकवलेला असायचा.