मी खाली गेलेच नव्हते

शेवंता गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दहिवलीत शेजारच्या नव्या सुनेला समुद्राच्या तळाची गोष्ट सांगत होते. गोष्ट अर्धीच राहिली... त्याला आता दीड महिना झाला. ती पुरी करायची, तर आधी तिच्यातलं खोटं काढायला हवं.

शेवंता माझी धाकटी जाऊ, कळंबला राहायची. तिचा मुलगा दूर एका कॅरेबियन बेटावर, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला. विमानं बदलत जायचं, मग होडी. पुढे नुसती वाळू, माड आणि रबरी कपडे घालून समुद्रात बुड्या मारणारे पाहुणे. त्यानं आईला बोलावलं, आणि इंग्रजी येतं म्हणून सोबत मला. मी शाळेतली निवृत्त बाई, साठी ओलांडलेली, पण तोरा असा की बेट जणू माझ्याच नावावर! विमानात शेवंताला चमचा धरायला शिकवत होते आणि डाळ माझ्याच मांडीवर सांडत होती.

तिसऱ्या दिवशी तिथल्या बुड्या मारायला शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, पाण्याखाली कोण येतंय? मी दोन पावलं मागे. शेवंता लहानपणापासून विहिरीत पोहलेली. तिनं लेकाचा टीशर्ट चढवला, डोळ्यांना पाण्याखाली घालायचा तो मोठा चष्मा लावला.

"शेवंते, या वयात ही थेरं? लोक काय म्हणतील गं?"

"हितं आपल्याला कोन वळखतो, अक्का? चला की तुमीबी."

"मला सर्दी झालीय," मी म्हटलं. त्या उन्हात सर्दी!

ती वर आली ती कुडकुडत, हसत. "अक्का, खाली समदी आपापल्या कामाला लागल्याली. निळं मासं, पिवळं मासं... डोक्यावर पदर नाय, तरी एकबी माज्याकडं बघत नाय. जाम बरं वाटलं."

संध्याकाळी पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही आली. "माजं तुमी इंग्रजीत लिवा," ती म्हणाली. मी लिहिलं. निळे मासे, पिवळे मासे, पदर, सगळं तिचंच. खाली सही माझी. सही मी मराठीत करते. शेवंतानं ती वाचली आणि "झालं?" एवढंच म्हणाली.

परत आल्यावर महिला मंडळानं समुद्राच्या तळावर माझं भाषण ठेवलं. शाल, नारळ, सगळं. मध्येच मी अडखळले, तर पहिल्या रांगेतून शेवंताच म्हणाली, "पिवळं मासंबी व्हतं ना, अक्का?" आणि मी, निर्लज्ज कुठली, म्हणते, "हो हो, तेच सांगतेय!" वर घरी येऊन तिच्यावरच चिडले, मध्ये बोलली म्हणून.

तेराव्याला कळंबला तिच्या घरी बायका म्हणाल्या, "शेवंताबायला तुमची समुद्राची गोष्ट जाम आवडायची. सांगा की, अक्का." चहा बघते म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले. तिथे विळीच्या वर, खिळ्याला तो पाण्यातला चष्मा. लेकानं दिलेला. कांदे चिरताना लावायची. नातवंडं हसायची, ती आणखी चिरायची. मी तो डोळ्यांना लावून पाहिला. पट्टा तिच्या मापाला गाठ मारलेला. माझ्या डोक्याला बसेना.

गाठ सोडवायला हात गेला होता... सोडवली नाही. चष्मा होता तसा खिळ्याला अडकवला.