रशियातलं विष आणि चोपड्याचा बांगडा

जगात कुठेही काहीही फुटलं, तरी पहिला हादरा गोव्यातल्या चोपड्यात माझ्या बायकोच्या मामांना बसायचा. दूरदेशी भूकंप झाला की हे इथे फळीवरची मडकी खाली काढून ठेवत. कुठे विमान पडलं की पेडण्याच्या बसमध्ये दाराला चिकटून उभे राहत. मास्तरकीतून निवृत्त झालेला हा माणूस वर्तमानपत्र नुसतं वाचत नसे, अंगाला लावून घेत असे. त्या दिवसांत कोकणी की मराठी या वादापायी गावात सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते, पण मामांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. रशियातली अणुभट्टी फुटली होती आणि तिची राख वाऱ्या-पावसातून समुद्रात उतरल्याचं त्यांनी वाचलं होतं.

झालं. मामांनी कॅलेंडरच्या पाठीवर मासळीचा तक्ता काढला. तळाला डोळ्यांना न दिसणारे जीव, त्यांना खाणारे तारले-बांगडे, त्यांना खाणारी इसवण आणि माथ्यावर मोरी, म्हणजे शार्क. एकाने दुसऱ्याला खाल्लं की विषही पुढे सरकतं आणि कित्येक वर्षांनी दिसतं, हे आम्हाला छडी हातात असल्यासारखं शिकवलं. मी म्हटलं, "मामा, रशिया कुठे, चोपडे कुठे?" म्हणाले, "समुद्रात कुंपण कोणी घातलाहा?" दारात पाटी उतरवणाऱ्या मासळीवालीलाही त्यांनी विचारलं, "ही मासळी खयची गो?" "दर्यातली, मास्तर. आणि खयची?" ती म्हणाली. मामांच्या लेखी तिने गुन्हा कबूल केला होता.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण माझ्या बायकोला, शालनला, चौथा महिना लागला होता. आधीचं मूल पोटातच गेलं होतं. आईबापांमागे मामांनीच तिला वाढवलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे तिला ब्रह्मवाक्य. माशाच्या हुमणाशिवाय, म्हणजे कालवणाशिवाय, भाताचा घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता, आणि तक्ता पाहिल्यापासून तिने मासळीच सोडली. पेज घ्यायची, ओकून टाकायची. हातातली काकणं कोपरापर्यंत सरकायला लागली. पेडण्याचे डॉक्टर स्पष्ट बोलले. "इथल्या मासळीत त्यातलं काही आलंच, तर ते नगण्य असेल. पण ही अशी उपाशी राहिली तर मूल हाती लागणार नाही." शालनने ऐकून घेतलं आणि घरी येऊन परत पेजच मागितली. माझं डोकं फिरलं. मी तो तक्ता मामांसमोर टराटरा फाडला. "भिवडवलंत तुम्ही. आता तुम्हीच जेवू घाला तिला," मी म्हटलं. मामांनी छत्री घेतली आणि निघून गेले.

परतले ते पानात गुंडाळलेले चार बांगडे घेऊन. जन्मात चुलीजवळ न गेलेल्या माणसाने स्वतः हुमण रांधलं, त्यात मीठ दोनदा पडलं. मग शालनसमोर पाट मांडून जेवायला बसले. पहिला घास त्यांनी कडू काढ्यासारखा गिळला. ती बघत राहिली. मामांनी डोक्यासकट बांगडा संपवला. असं चार दिवस, दुपारी आणि रात्री. दर जेवणानंतर हात धुऊन तिच्यापुढे उभे राहायचे. "बघ गो बाये, माका काय झाला?" पाचव्या दिवशी शालनने त्यांचंच ताट स्वतःपुढे ओढलं आणि जेवायला लागली. मी तोंड फिरवून जनेलाबाहेर बघत राहिलो, कारण मला रडू आवरेना.

मामा पडवीत येऊन बसले तेव्हा मी हळूच विचारलं, "मामा, हे विष कित्येक वर्षांनी दिसतं, असं तुम्हीच शिकवलंत. मग चार दिवसांत काय सिद्ध झालं?"

"कायएक नाय. माका ठावक आसा."

"म्हणजे डॉक्टरांचं पटलं?"

"अर्धा पटला. उरलेल्या अर्ध्याचा भय माका आजूनय वाटता. पण पोर जेवली मरे."

आम्हाला मुलगी झाली, धडधाकट. तिच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत मामा रोज तिचे डोळे आणि नखं तपासायचे, आणि मग कुणाला दिसू नये म्हणून मागल्या दारी जाऊन हात जोडून उभे राहायचे. ते गेले, तेव्हा ती कॉलेजात होती. मी त्यांना तोंडावर भित्रा म्हणत असे. आता दुसऱ्या कुणी म्हटलं तर मला ऐकवत नाही.