मान खाली गेली की वाजणारं यंत्र

गॅव्हिनने मीटिंग रूमच्या टेबलावर सूटकेस उपडी केली आणि म्हणाला, "फटीगचा प्रॉब्लेम सॉर्टेड."

टेबलावर जे पडलं त्यात चॉपस्टिकला अडकवायचा इवलासा पंखा होता, गरम नूडल्स गार करायला. गोंदाच्या कांडीसारखी एक नळी होती, तिच्यात लोणी भरून ब्रेडवर घासायचं. बुटांच्या टोकांवर लावायच्या दोन छत्र्या होत्या, एकेका बुटाला एक. डेस्कवर डोकं टेकून झोपण्यासाठी हात घालायला भोकं असलेली उशी होती. शेवटी एक पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्यात कानामागे अडकवायची बरीचशी छोटी यंत्रं.

गॅव्हिन आमचा जनरल मॅनेजर. नुकताच जपानमध्ये स्कीइंग करून परतला होता, आणि सुट्टीवरून परतलेल्या साहेबाइतका धोकादायक प्राणी कुठल्याही कंपनीत नसतो. मी तेव्हा पेनरोज नावाच्या औद्योगिक उपनगरातल्या एका डेपोत हेल्थ अँड सेफ्टी अ‍ॅडव्हायजर होते. सुपरमार्केटांना जाणारा किराणा त्या डेपोत उतरायचा, रॅकवर चढायचा, परत ट्रकमध्ये जायचा. माझं काम सोप्या भाषेत सांगायचं तर कुणाला इजा होऊ नये हे बघणं, आणि झालीच तर ती का झाली ते शोधणं. पहिल्या कामात कुणी लक्ष देत नाही आणि दुसऱ्यात कुणी मित्र उरत नाही. आता मी दुसरीकडे आहे, म्हणून हे मोकळेपणाने लिहिते आहे.

फटीगचा, म्हणजे थकव्याचा प्रॉब्लेम असा होता. लोसा नावाच्या आमच्या एक फोर्कलिफ्ट ड्रायव्हर होत्या. सामोआ बेटांवरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चर्चमध्ये गाणाऱ्या आणि काम करतानाही गुणगुणणाऱ्या. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारायचे, पण मनात त्या माझ्यासाठी लोसाताईच होत्या. एका सकाळी त्यांची फोर्कलिफ्ट रॅकच्या खांबाला घासली आणि वरून बीटरूटच्या डब्यांनी रचलेलं अख्खं लाकडी पॅलेट खाली आलं. कुणालाही लागलं नाही. याला आम्ही नियर मिस म्हणतो, म्हणजे थोडक्यात हुकलेला अपघात. रॅकच्या दोन रांगांमधली पुढची अर्धी वाट लाल झाली होती, एवढंच.

लोसाताईंनी काही लपवलं नाही. क्षणभर डोळा लागला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

मी चौकशी केली. कारण शोधायला फार हुशारी लागली नाही. एक ड्रायव्हर नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या जागी माणूस घेतला नव्हता. त्यामुळे लोसाताई उशिराची पाळी संपवून मध्यरात्रीच्या सुमारास घरी पोचायच्या आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटेच्या पाळीला परत यायच्या. मधे जेवण, अंघोळ, जाणं-येणं. उरलेल्या वेळात झोप. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, बदला आणि माणूस घ्या.

आमच्या धंद्यात उपायांची एक उतरंड असते. सगळ्यात आधी धोकाच काढून टाकायचा. ते जमत नसेल तर धोका आणि माणूस यांच्यात अंतर ठेवायचं. तेही नाही जमलं तर अगदी शेवटी माणसाच्या अंगावर काहीतरी चढवायचं: हेल्मेट, बूट, चष्मा. साहेब लोक ही उतरंड नेहमी खालून वाचायला सुरुवात करतात, कारण अंगावर चढवायच्या वस्तू खोक्यात मिळतात. गॅव्हिनला तर त्या सुट्टीत मिळाल्या होत्या.

या वस्तूंबद्दल एक सांगायला हवं. त्यातल्या निम्म्या जपानी लोक हसायला बनवतात. बुटांवरच्या छत्र्या बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की या लावून कुणी ऑफिसला जाणार नाही. तो माणसाच्या सोयींच्या वेडाची टिंगल करत असतो. गॅव्हिनला त्या टिंगलीखेरीज बाकी सगळं समजलं होतं. तो पंखा त्याने मला भेट म्हणून दिला. माझ्या मुलाने तो घरी वरणभातावर धरला आणि म्हणाला, "आई, दॅट्स अ‍ॅक्च्युअली जीनियस." तो दहा वर्षांचा होता. गॅव्हिनचं वय मी इथे सांगत नाही.

कानामागचं यंत्र मात्र गमतीचं नव्हतं. हायवेवर एकट्याने लांब गाडी चालवणाऱ्यासाठी ते बनवलेलं असावं. बसल्याजागी पेंग आली की माणसाची मान पुढे पडते. ती ठरावीक पातळीखाली गेली की यंत्र टीं-टीं वाजतं, आणि मान सरळ होईपर्यंत आवाज वाढत राहतो. कल्पना चांगली आहे. फक्त हायवेवरच्या माणसाला खाली बघायचं काम नसतं. फोर्कलिफ्टवाल्याला असतं. पॅलेटच्या खाली लोखंडी दाते घालताना त्याला वाकून दात्यांकडे बघावंच लागतं. मी हे गॅव्हिनला सांगितलं. तो म्हणाला, त्यांना सवय होईल.

पुढच्या सोमवारपासून सगळ्या ड्रायव्हर्सच्या कानामागे ते यंत्र आलं. डेपोत रातकिडे शिरल्यासारखं वाटायला लागलं.

त्याच आठवड्यात हेड ऑफिसची माणसं आली. अशा भेटीची सुरुवात आमच्याकडे काराकियाने व्हायची. काराकिया म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, माओरी लोकांची प्रार्थना. यार्डमधले एक वयस्कर माओरी गृहस्थ ती म्हणायचे आणि बाकी सगळे मान खाली घालून उभे राहायचे. त्यांनी पहिला शब्द उच्चारला, सगळ्या माना खाली गेल्या, आणि सगळी यंत्रं एकदम वाजायला लागली.

मान वर करणं हा एकच उपाय होता. पण प्रार्थना चालू असताना मान वर कोण करणार? एकानेही केली नाही. यंत्रं चेकाळत गेली. काराकिया म्हणणाऱ्यांनी आवाज चढवला. यंत्रांनीही चढवला. पाहुणे कान झाकावेत की हात जोडावेत या पेचात उभे होते. शेवटचा शब्द झाला, सगळ्यांनी शांतपणे मान वर केली आणि डेपो गप्प झाला. गॅव्हिनचा चेहरा त्या बीटरूटच्या रंगाचा झाला होता.

मला वाटलं, संपलं प्रकरण. पण गॅव्हिन हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने दोन नियम काढले. काराकियाच्या वेळी यंत्र काढायचं. एरवी ड्यूटीवर असताना कुठल्याही कारणासाठी काढायचं नाही. आणि ड्रायव्हर्स कुरकुर करायला लागले तेव्हा, लीड फ्रॉम द फ्रंट असं म्हणून त्याने स्वतःच्याही कानामागे एक यंत्र अडकवलं.

त्याचं मात्र कधीच वाजलं नाही. पुढच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे पाळी सुरू होण्याआधीच्या उभ्या-उभ्या मीटिंगला, त्याने ते अभिमानाने सांगितलं. म्हणाला, शेवटी हा डिसिप्लिनचा प्रश्न आहे. मी मागे उभी होते. त्याचं डेस्क मीच लावून दिलं होतं. त्याची पाठ दुखते म्हणून मॉनिटर बरोबर डोळ्यांच्या रेषेत बसवला होता. या माणसाला दिवसभरात खाली बघायची गरजच पडत नव्हती.

लोसाताईंचं यंत्र मात्र फार वाजायचं. त्या रॅकच्या खालच्या थरावर काम करायच्या, म्हणजे सारखं वाकून बघणं आलंच. गॅव्हिनने यंत्राच्या अ‍ॅपवरचा वाजण्याचा आकडा पाहिला आणि ठरवलं की ही बाई अजूनही कामावर झोपते आहे. आधी एकदा उशिरा आल्याबद्दल त्यांना वॉर्निंग मिळालेली होती, तीही याच रोस्टरच्या कृपेने. आता दिली जाणार होती ती फायनल. त्यानंतर नोकरी जाते. लोसाताईंच्या पगारावर त्यांची आई आणि दोन भाच्या होत्या.

मी एचआरकडे गेले. आमची एचआर अ‍ॅडव्हायजर शलाका, दादरची. एका गावाची नसली तरी एका भाषेची, म्हणून मला थोडी आशा होती.

"तुझा रिपोर्ट वाचला गं," ती म्हणाली. "मस्त लिहितेस. पण त्यात रोस्टर कशाला आणलंस?"

"कारण त्यांना झोप मिळत नव्हती."

"हो, पण घरी कोण किती झोपतं हे आपण कसं ठरवणार? ते पर्सनल आहे ना."

"शलाका, आपण त्यांना घरी पोचायलाच वेळ देत नाही."

ती परत स्क्रीनकडे वळली आणि म्हणाली, "हे बघ, मी प्रोसेस बघते. प्रोसेस फेअर असेल, प्रॉमिस."

प्रोसेस हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. माणसाला कोपऱ्यात नेऊन धक्का द्यायचा, पण नेताना त्याला दार उघडून द्यायचं, याला ते लोक प्रोसेस म्हणतात. मला शलाकाचा खरंच राग आला होता, आणि ती जेवायला बोलवायची तेव्हा तिच्या हातची साबुदाण्याची खिचडी आवडायची म्हणून जास्तच आला होता.

मीटिंगला आम्ही पाच जण होतो. गॅव्हिन, शलाका, चौकशी केली म्हणून मी, लोसाताई, आणि त्यांच्या सपोर्ट पर्सन. अशा मीटिंगला इथे कामगाराला आपलं एक माणूस सोबत आणता येतं. बहुतेक जण युनियनचा माणूस आणतात. लोसाताईंनी चर्चमधल्या एक आजी आणल्या होत्या. फुलाफुलांचा लांब पोशाख, मांडीवर पर्स, त्यावर दोन्ही हात. लोसाताईंचे डोळे सुजलेले होते आणि त्या दिवशी त्या गुणगुणत नव्हत्या. त्यांच्या कानामागे नियमाप्रमाणे यंत्र होतं. गॅव्हिनच्याही होतं.

कामगाराबद्दलची तक्रार त्याच्यासमोर नीट वाचून दाखवायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. त्यामुळे पत्र कागदावर छापलेलं होतं. गॅव्हिनने ते टेबलावर ठेवलं, घसा साफ केला आणि वाचायला मान खाली घातली.

टीं-टीं.

त्याने मान वर केली. आवाज थांबला. तो ओशाळं हसला आणि परत खाली बघितलं. टीं-टीं. "यू फेल अस्लीप," त्याने वाचलं, टीं-टीं, "व्हाइल ऑपरेटिंग," टीं-टीं-टीं. त्याने कागद उचलून डोळ्यांसमोर धरला, पण चष्मा डेस्कवर राहिला होता, त्यामुळे कागद हातभर लांब न्यावा लागला आणि हात भरून आला. कागद खाली आला, मान खाली गेली. टीं-टीं-टीं.

मी म्हणाले, "गॅव्हिन, ते काढ ना."

तो काढायला निघाला आणि थांबला. ड्यूटीवर काढायचं नाही हा नियम त्याचाच होता, आणि एकदा काढलं म्हणून त्याने गेल्याच आठवड्यात एका ड्रायव्हरला सुनावलं होतं. शलाका दोन्ही ओठ घट्ट आवळून भिंतीवरच्या फायर एक्झिटच्या नकाशाकडे बघत होती.

तेवढ्यात त्या आजी पुढे वाकल्या. आवाजात चेष्टेचा लवलेश नव्हता, काळजीच होती.

"आम्ही नंतर येऊ का?" त्यांनी हळूच शलाकाला विचारलं. "हा बिचारा फार दमलेला दिसतोय."

गॅव्हिनने कागद उलटा ठेवला. लोसाताईंनी रुमाल काढून तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले, आणि या वेळी ते रडण्यामुळे नव्हतं. शलाकाने शक्य तितक्या सरळ चेहऱ्याने मीटिंग अ‍ॅडजर्न झाल्याचं जाहीर केलं, टॉयलेटमध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. माझा रिपोर्ट परत हवा म्हणाली, रोस्टरच्या पानासकट. मी विचारलं, पटलं का? "पटायचं काय त्यात," ती म्हणाली. "उद्या ही बाई वकिलाकडे गेली आणि त्याने विचारलं की पुरावा काय, तर ते यंत्र सांगतंय की आमचा जीएमही वॉर्निंग वाचता वाचता झोपला होता." न्यायाने हलत नाहीत ती माणसं नाचक्कीच्या भीतीने हलतात, हे मला तेव्हा नव्याने कळलं असं नाही.

वॉर्निंग मागे घेतली गेली. त्याऐवजी लोसाताईंबरोबर 'कोचिंग कॉन्व्हर्सेशन' झालं, म्हणजे गॅव्हिनने त्यांना चहा पाजला आणि हवामानाबद्दल बोलला. नवा ड्रायव्हर आला. दोन पाळ्यांमध्ये पुरेसं अंतर ठेवायचं, असं रोस्टरमध्ये लिहिलं गेलं. यंत्रं स्टेशनरीच्या कपाटात गेली आणि बॅटऱ्या संपेपर्यंत कपाटाचं दार उघडलं की एखादं आतून वाजायचं.

नियर मिस अर्थातच कमी झाले. वर्षअखेर हेड ऑफिसने गॅव्हिनला फटीग मॅनेजमेंटमधल्या नव्या कल्पनेबद्दल बक्षीस दिलं. मला त्याचं प्रेझेंटेशन तयार करायला सांगितलं. मी पहिल्या स्लाइडवर रोस्टर टाकलं. त्याने ते शेवटी नेलं आणि पहिल्या स्लाइडवर त्या यंत्राचा फोटो लावला. मागे बर्फाचा डोंगर होता.

मी ती नोकरी सोडायच्या सुमारास लोसाताईंना विचारलं, आता झोप होते का नीट? "हीप्स," म्हणजे भरपूर, त्या म्हणाल्या आणि गुणगुणत पॅलेट उचलायला गेल्या.

थकलेल्या माणसाला झोपायला वेळ द्यावा, एवढंच त्या सगळ्या प्रकरणातून सिद्ध झालं. त्याचं पेटंट मिळत नाही, म्हणून बहुधा ते कुणाला सुचत नाही.